कोरेटीला उतरलेला माणूस

भागोजी तांडेलाने आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती आपल्या मुलाला कुठे जाळलं याची चौकशी करायला निघाला तेव्हा. साठी उलटलेला माणूस. मुंबई त्याने कितीतरी वेळा पाहिली होती, पण दर वेळी समुद्रातून, स्वतःच्या मचव्यावरून. कोल्हापूरच्या स्टेशनात इंजिनाने वाफ सोडली तसा तो दचकून मागे सरला आणि पाठीमागे उभ्या असलेल्या सुनेला, मालनला, त्याचा धक्का लागला. तिच्या खांद्यावर झोपलेली तान्ही पोर जागी होऊन रडायला लागली.

"लागला काय गे?" त्याने विचारलं.

मालनने नुसती मान हलवली आणि पोरीला छातीशी घेऊन ती डब्यात चढली.

दोघं पूर्णगडची. तिथून पावस गावापर्यंत चालत, मग बैलगाडीने रत्नागिरी, आणि रत्नागिरीहून आंबा घाटाने मोटार. घाटात मालन सारखी ओकत होती. जायचं होतं ते कोरेटी नावाच्या स्टेशनावर. कोल्हापुरात ज्याला ज्याला विचारलं तो म्हणाला, तिथं कशाला? तिथं काही नाही. गाव आहे ते माळापलीकडे, ओढा ओलांडून; स्टेशन आपलं मधेच, रानात.

मालनचा नवरा आत्माराम मुंबईला गिरणीत होता. त्या वर्षी गिरण्यांचा मोठा संप झाला. चैत्र-वैशाखात बंद पडलेल्या गिरण्या आगोट आली, पावसाळा तोंडावर आला, तरी उघडल्या नाहीत. आगबोटी चालू होत्या तोवर बहुतेक कोकणी माणसं गावाला परतली. आत्माराम आणि त्याच्याच आळीतला बाबल्या मात्र आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत खोलीवर राहिले. खायचे वांधे झाले तेव्हा आषाढ लागला होता आणि बोटी केव्हाच बंद झाल्या होत्या. मग दोघं आगगाडीने निघाले. पुण्याला गाडी बदलायची, कोल्हापूरला उतरायचं आणि घाट उतरून खाली यायचं.

पूर्णगडला पोचला तो एकटा बाबल्या.

मालनचे तेव्हा दिवस भरत आले होते. बाबल्या तिच्यासमोर गेलाच नाही. त्याने भागोजीला खाडीच्या काठावर, पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेल्या मचव्याच्या आडोशाला गाठलं आणि पावसात उभ्या उभ्या सांगितलं. पुणं सोडल्यावर आत्मारामला उलट्या-जुलाब सुरू झाले. डब्यातली माणसं ओरडायला लागली, पटकी आहे, उतरवा त्याला. कोरेटीला गाडी थांबली तेव्हा दोघातिघांनी त्याला उचलून खाली ठेवला. बाबल्याही उतरला होता. पण गाडीने शिट्टी दिली आणि तो परत चढला.

"डोळे फिरले व्हते तेचे, काका," बाबल्या म्हणाला. "हातपाय थंडगार. मी हाक मारली तर ओ नाय दिलान. मी तरी काय करू? माजी पण पोरं हायत."

"जीव गेला व्हता?"

"गेलाच असंल. ती गाडी पुढच्या स्टेशनात जायच्या आत गेला असंल."

भागोजी घरी आला आणि विहिरीवर जाऊन त्याने डोक्यावरून पाणी घेतलं. अवेळी आंघोळ कशाला, असं मालनने विचारलं तर म्हणाला, चिखलात पडलो. बाबल्या आला, मग हे कसे नाही आले? तर म्हणाला, संपाच्या कामासाठी पुढाऱ्यांनी ठेवून घेतलाय त्याला, गणपतीला येईल.

त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. अवघडलेल्या पोरीला हे सांगितलं तर एकाचे दोन जीव जातील, या भीतीने त्याने ती गोष्ट पोटात ठेवली. श्रावणात मालनला मुलगी झाली. मग त्याला वाटलं, ओल्या अंगावर कसं सांगू? बारसं होऊ दे. मग वाटलं, गौरी येऊन जाऊ देत. आपण एकट्यानेच घाटावर जाऊन यावं असंही मनात येई. पण तिला एकटी टाकून जायचं कसं, आणि काय सांगून जायचं? शिवाय मेलेल्या माणसाला आज गेलं काय आणि महिन्याने गेलं काय, सारखंच. खरं म्हणजे त्याला ती जागा बघायचीच नव्हती.

गणपती आले आणि गेले. दसऱ्याच्या सुमाराला संप मिटल्याची बातमी आली. पुरुष माणसं बोचकी बांधून पुन्हा मुंबईला निघाली. मालन म्हणाली, "मामा, आता तरी कुणाला तरी सांगा, तेंची चौकशी करा म्हणून." सासऱ्याला ती मामा म्हणे. तेव्हा भागोजीने तिला पडवीत बसवलं आणि सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. पोरीला पाळण्यात ठेवून आली आणि त्याच्यासमोर बसली.

"कुणी बघितलान?"

"बाबल्यानं."

"जीव जाताना बघितलान?"

"गेलाच असंल, बोलला."

शेजारच्या बायका तिच्या बांगड्या फोडायला आल्या तर तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला ती जागा दाखवा. मग मी आपली मीच फोडीन." बायका कुजबुजत निघून गेल्या. सासऱ्यावर मात्र ती तेव्हा रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी एकट्यानं कसे काढलात हो एवढे दिस?" त्या एका वाक्याने म्हाताऱ्याच्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा झाला होता. दिवाळी न करताच ती दोघं निघाली.

कोरेटीला गाडी थांबली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. उतरली ती दोघंच. गाडी निघून गेली आणि मागे कसला म्हणजे कसलाच आवाज राहिला नाही. एक दगडी खोली, तिच्यावर कौलं, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत लाकडी बाक. फलाट म्हणजे मुरूम टाकून सारखी केलेली जमीन. एका टोकाला कडुलिंबाचं झाड, दुसऱ्या टोकाला कंदिलाचा खांब. बाकी नजर जाईल तिकडे माळ, आणि माळावर वाळून पिवळं पडलेलं गवत. पाण्यात जमीन न दिसणं भागोजीच्या सवयीचं होतं. इथे जमीनच जमीन होती आणि ती बघून त्याला गुदमरल्यासारखं झालं. माझ्या मुलाला इथे खाली ठेवला, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं. या मुरमावर.

स्टेशनमास्तर तरुण होता, नुकताच बदलून आलेला. मराठी त्याला धड येत नव्हती. "मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "आधीचे मास्तर गेले. तुम्ही काशीरामला विचारा. तो सांधेवाला, रूळ बदलतो. जुना आहे." काशीराम रुळांवर कुठे कामाला गेला होता. त्याची खोपटी कडुलिंबापलीकडे होती. तिथे एक बाई दारापुढची जमीन सारवत बसली होती. काशीरामची बायको, सखू.

मालन तिच्यापाशी गेली. भागोजी दोन पावलं मागे थांबला.

"बाय, आषाढात इकडे एक माणूस उतरवला व्हता. आजारी. गाडीतनं."

सखूने मान वर केली. हात शेणाने भरलेले तसेच राहिले. "कोकणातला? आत्माराम?"

मालन पुढे सरली. "तेंचा नाव तुमाला कसा म्हायत?"

"म्हाईत नसायला काय झालं? हितंच असायचा की त्यो. त्या बाकावर बसायचा न्हवं रोज."

मालन वळली आणि तिने सासऱ्याचा दंड धरला. आजवर तिने त्याला कधी हात लावला नव्हता. "मामा, बसायचे म्हणते. ऐकलंत? रोज बसायचे म्हणते." तिचे डोळे, तिचं तोंड, सगळं एकदम उजळलं होतं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही भागोजीने तिला अशी पाहिली नव्हती. त्याने खोपटीच्या कुडाला हात टेकला.

"मग आता खंय हायत?" मालनने विचारलं. "कामाला लागले काय कुठं?"

सखू तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यावरच्या पोरीकडे, मग तिच्या हातांतल्या हिरव्या बांगड्यांकडे, मग मागच्या म्हाताऱ्याकडे.

"तुमी त्येची मालकीण," ती हळू म्हणाली. "आन् हे तांडेल."

सखूने शेणाचे हात मांडीवर ठेवले. "लई उशीर केलासा वो तुमी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

काशीराम आल्यावर दोघा नवराबायकोंनी मिळून सांगितलं. मधे मधे ती एकमेकांना दुरुस्त करत होती. मालन खाली बसली होती. पोर तिच्या मांडीवर होती आणि मालन तिला सारखी थोपटत होती, पोर झोपली होती तरी.

आत्माराम मेला नव्हता. गाडी गेली तेव्हा तो फलाटावर पडून होता. गावातून कुणी जवळ येईना. काशीरामने त्याला पोत्यावर घालून मालाच्या कोठीत ओढत नेला आणि सखूने त्याच्या तोंडात मीठ घातलेलं कढत पाणी घालायला सुरुवात केली. आता जातो, मग जातो, असं करत तो पटकीतून वाचला.

"वाचला पर पायात जीव ऱ्हायला न्हाई," काशीराम म्हणाला. "भिंतीला धरून उभा ऱ्हायाचा. चार पावलं टाकली की बसायचा. जुनं मास्तर भला माणूस. म्हणाले, तुला गाडीत घालून कोल्हापूरच्या दवाखान्यात धाडतो. तर नुसतं गाडीचं नाव काढलं की त्यो अंग चोरायचा. म्हणायचा, पुन्यांदा उतरवतील मला. आनी कुटंतरी उतरवतील."

"कार्ड तरी टाकायचंत," भागोजी कसाबसा बोलला. "पूर्णगडला पोष्ट हाय."

"मास्तर कार्ड घेऊन बसलं की एक दिस त्येच्याम्होरं," सखू म्हणाली. "ह्योच लिवू दीना. म्हणाला, बायकू भरल्या दिसांची हाय. कुनी वाचून दाखवलं तर घाबरंल, तिचं काय बरंवाईट झालं तर? बाबल्यानं माज्या बापासनी सांगितलं असंल, त्यो येईल. बापूस आल्याबिगर ऱ्हायाचा न्हाई, म्हणायचा. कोल्हापूरकडनं गाडी आली की भिंतीला धरून उभा ऱ्हायाचा. डबा न् डबा बघायचा. गाडी गेली की बसायचा."

भागोजी जमिनीकडे बघत होता.

"तुमची एक गोष्ट तर आमाला पाठ झालीया," सखू पुढे बोलत राहिली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला जे आठवत होतं ते ती सांगत होती. "तुमचा कोन खलाशी वादळात पडला व्हता म्हणं, हर्ण्याच्या बाजूला. समद्यांनी नाद सोडला, पर तुमी न्हाई सोडला. मढं घिऊनच परत आलासा."

"दाभोळच्या खाडीत गावला," भागोजी म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"व्हय, दाभोळ. तेच नाव घ्यायचा. म्हणायचा, मेलेल्या खलाशासाठी जो गेला त्यो माज्यासाठी येनार न्हाई व्हय? आमी म्हणायचो, येतील बाबा. मग श्रावण सरत आला तवा म्हणायला लागला, आता पोर झालं असंल. आता बारसं झालं असंल. आता बापूस मोकळा झाला असंल, आता येईल."

मालनचा थोपटणारा हात थांबला.

"मग?" ती म्हणाली.

"मग हिवताप आला," काशीराम म्हणाला. "अंगात काय ऱ्हायलंच न्हवतं त्येच्या. तीन-चार दिसांत गेला."

"कंच्या दिवशी?"

"हरताळकेच्या."

त्या दिवशी मालनने उपास धरला होता. बाळंतीण बाईने उपास करू नये, दूध आटेल, असं भागोजीने तिला परोपरीने सांगितलं होतं. तिने ऐकलं नव्हतं. दाराआड उभा राहून तिची पूजा बघताना त्याला आतून भडभडून आलं होतं. त्याला वाटलं होतं, ही पोर मेलेल्या नवऱ्यासाठी देवापुढे बसली आहे आणि मला तोंड उघडता येत नाही. आत्माराम त्या वेळी जिवंत होता की नुकताच गेला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

ती जागा बघायला काशीराम त्यांना घेऊन गेला. ओढा स्टेशनापासून लांब नव्हता. पाणी उतरून मधल्या खडकांत डबकी राहिली होती. काठावर कमरेएवढं गवत माजलं होतं आणि त्यात कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. काशीराम एका जागी थांबला. "हितं," म्हणाला. मग इकडे तिकडे बघून पुढे गेला. "न्हाई, हितं न्हवं. त्या बाभळीच्या अलीकडं." बाभळीपाशी पोचल्यावर तो पुन्हा घोटाळला. "त्येच्या दुसऱ्याच दिशी ओढ्याला लोंढा आला. समदं धुऊन नेलं. आनी आता ह्यो गवताचा कहर. मला नेमकं ठरवता येत न्हाई, बाई. पर ह्याच अंगाला."

"अग्नी कुणी दिलान?"

"म्या दिला. दुसरं हुतं कोन?"

मालन त्या गवताकडे बघत राहिली. पाया पडायलासुद्धा जागा ठरेना. मग तिने पोरीला काशीरामच्या हातात दिलं, खाली बसून ओढ्यातला एक दगड उचलला आणि एकेक करून बांगड्या फोडल्या. काचा गवतात पडल्या. मनगटावर एके ठिकाणी रक्त आलं, ते तिने पदराला पुसलं. मग काशीरामकडून पोर घेतली आणि ती स्टेशनाकडे चालायला लागली. भागोजीने एक मूठभर माती उपरण्याच्या टोकात बांधली. बांधताना त्याला कळत होतं की ही माती कुठलीही आहे.

परतीची गाडी संध्याकाळची होती. सखूने भाकरी आणून ठेवली. कुणी तिला हात लावला नाही. पत्र्याच्या पडवीत तेवढा एकच बाक होता. मालन त्याच्यावर बसली. भागोजी उभाच राहिला. शेवटी तो खाली जमिनीवर, बाकाच्या पायापाशी बसला. ऊन कलत होतं. नवा मास्तर दोनदा बाहेर येऊन त्यांच्याकडे बघून आत गेला.

"मालन," भागोजी म्हणाला. "मला वाटला तो मेला. बाबल्या बोलला डोळे फिरले. मी तुज्यासाठी गे बाय... तुला काय झाला असता तर..."

"माज्यासाठी म्हणू नका," मालन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तेंनी पण माज्यासाठीच कार्ड लिवू नाय दिलं. तुमीपण माज्यासाठीच गप ऱ्हायलात. मला विचारलंत काय कुणी? मी पोटुशी व्हते मामा, पांगळी नव्हते. मला सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी निघाले असते. घाटात बाळंत झाले असते. मेले असते तर मेले असते."

"असा बोलू नको."

"तुमी बारसं केलंत. गूळ-खोबरं वाटलंत. मी विचारलं, हे खंय हायत, तर म्हणालात गणपतीला येतील." तिने बाकावर हात ठेवला. "बारशाच्या दिवशी हे जिवंत व्हते. ह्या बाकावर बसले व्हते."

भागोजीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याला रडायला येत नव्हतं. आपण रडलो तर ती मायेने काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं आणि त्याची त्याला लाज वाटली. पण मालनने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

गाडी आली तशी ती उठून डब्यात चढली. भागोजी बसल्या जागेवरून उठला नाही. उठायचंच नाही असं काही त्याने ठरवलं नव्हतं. शरीर हलत नव्हतं. काशीरामने त्याला काखेत हात घालून उभा केला. "चला तांडेल. हितं ऱ्हाऊन काय करनार?"

"हयच ऱ्हातंय," म्हातारा पुटपुटला. "मला हयच ऱ्हाऊ दे."

डब्याच्या दारात मालन उभी होती. "चढा," ती म्हणाली. त्या शब्दात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. काशीरामने ढकलून त्याला वर चढवला. गाडी हलली. सखू कडुलिंबाखाली उभी होती. ती पदराने डोळे पुसत होती आणि कोरेटी मागे पडली.

पूर्णगडला आल्यावर भागोजी बाबल्याच्या घरी गेला. बाबल्या दुसऱ्या दिवशी मुंबईला निघायचा होता. भागोजीने त्याला सगळं सांगितलं. बाबल्या ऐकता ऐकता पांढरा पडला आणि मग एकदम भांडायला उठला. "नाय! असं व्हायचाच नाय. मी बघितलंय, काका, डोळे फिरले व्हते तेचे. तुमाला दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगितली त्या लोकांनी. नावं सारखी असतात." भागोजी म्हणाला, तेंनी दाभोळच्या खाडीचं नाव सांगितलं. बाबल्या तरीही नाही नाहीच म्हणत राहिला. त्याची बायको त्याला आत घेऊन गेली. त्यानंतर तो पूर्णगडला कधी आला तर भागोजीच्या घरावरून जाणारी पाखाडीची दगडी वाट टाळून पुळणीवरून, वाळूतून, फिरून जाई.

मालन त्याच घरात राहिली, कारण तान्ही पोर घेऊन जाणार कुठे? ती भात शिजवी, म्हाताऱ्याला ताट वाढी, त्याचं धोतर धुई, ताप आला तर काढा करून देई. बोलायची मात्र नाही. काही सांगायचं झालं तर पोरीला सांगितल्यासारखं सांगे, की आजोबांना म्हणावं आंघोळीचं पाणी काढलंय. पोर तेव्हा रांगतही नव्हती. भागोजीला वाटायचं, तिने एकदा ओरडावं, शिव्या द्याव्यात, निदान गावात चारचौघांत सांगावं. तिने कुणालाही काही सांगितलं नाही. लोक म्हणायचे, नवरा गेला तरी सासऱ्याला किती जपते.

मचवा त्याने त्या वर्षी पाण्यात लोटलाच नाही. पुढच्या वर्षी पुतण्याला देऊन टाकला.

पोर चालायला लागली तेव्हा मालनचा भाऊ मुंबईहून आला. गिरणीत बायकांना रिळं भरायचं काम मिळत होतं, आपल्याच खोलीत राहा म्हणाला. भागोजीने नको म्हटलं नाही. त्या सकाळी मालनने चूल पेटवून त्याच्यासाठी दोन वेळचा भात करून ठेवला, देवाला फूल वाहिलं आणि ट्रंक भावाच्या डोक्यावर दिली. म्हातारा उंबऱ्याशी उभा होता. तिने वाकून त्याला नमस्कार केला, रीत म्हणून. त्याने आशीर्वादाला हात उचलला, पण कसला आशीर्वाद द्यायचा ते सुचेना आणि हात तसाच खाली आला.

"येते," ती म्हणाली. कोरेटीच्या दिवसानंतर ती त्याच्याशी सरळ बोललेला तो पहिला शब्द होता. ती पुन्हा पूर्णगडला आली नाही.

भागोजी त्यानंतर बरीच वर्षं जगला. आषाढात घाटावरच्या वाटेने मुंबईची माणसं येऊ लागली, भिजलेली, डोक्यावर वळकट्या घेतलेली, की आळीतली पोरंबाळं धावत पुढे जायची. कुणाच्या तरी घरातून हाका ऐकू यायच्या, आला, आला. तेव्हा तो पुढचं दार लोटून घ्यायचा आणि परसात जाऊन बसायचा, आवाज थांबेपर्यंत.